टोकन नंबर एक्केचाळीस

कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. विद्यापीठाच्या कर्ज-कचेरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आहात, आणि तुमच्या दप्तरात एक पत्र आहे, जे तुमचं नाही. दप्तर मांडीवर घट्ट धरलंत ना? जूनीनेही तसंच धरलं होतं.

तिच्या मुठीत एक्केचाळीस नंबरचं टोकन होतं. भिंतीवर आकडा होता छत्तीस.

"चल ना मामॉ, घरी जाऊ," जूनीची मोठी बहीण डेलिया आजीला तिसऱ्यांदा म्हणाली. "पत्र आलं नाही म्हणजे कर्ज मिळालं नाही. विचारून काय होणार?"

"गप बस. दोन तास गाडी हाकत आले ती काय इथल्या खुर्च्या बघायला? सरकार 'नाही' म्हणतं तेसुद्धा कागदावर म्हणतं. आणि आज मुदत संपतेय."

मामॉने या अर्जासाठी कमी का खेटे घातले होते! आधी तिने आईच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. नऊ वर्षं दोघींना तिनेच वाढवलं, मग दुसऱ्या कुणाचं लिहिणार? अर्ज परत आला. आजी म्हणजे आई नव्हे, असं सरकारचं म्हणणं. मग ती दोनदा कोर्टात जाऊन पालकत्वाचा हुकूम घेऊन आली. "मी कारकुनाला विचारलं," ती घरी येऊन सांगत होती, "पोरींचे दुधाचे दात पडले तेव्हा परीच्या नावाने उशीखाली डॉलर कोण ठेवत होतं रे, सरकार?"

डेलिया तेव्हा हसली होती. आज मात्र ती जमिनीकडे बघत होती.

पाच एप्रिलला, ईस्टरच्या जेवणाच्या वेळी, जूनीने ताटातल्या हॅमला हातही लावला नव्हता. "तू विद्यापीठात गेलीस तर माझी वेणी कोण घालणार?" म्हणून ती रडली होती. "मामॉची बोटं वळत नाहीत!" डेलिया एवढंच म्हणाली होती, "अंडं खा, गार होतंय."

तेव्हापासून डेलिया रोज सगळ्यांच्या आधी पत्रपेटीकडे धावायची. किती ती जायची घाई! जूनीला राग यायचा. मग एका गुरुवारी डेलियाला दुकानातून यायला उशीर झाला आणि पत्र जूनीच्या हाती लागलं. विद्यापीठाचा शिक्का बघून तिने ते न फोडताच पावसाळी बुटात कोंबलं. आज चौदा दिवस झाले होते.

अडतीस. एकोणचाळीस.

"बिस्किट खा गं," मामॉने कागदातली पुरचुंडी जूनीपुढे केली. "काल रात्रीपासून उपाशी आहेस. कर्ज तुला घ्यायचंय की हिला?"

डेलियाने जूनीला जवळ ओढलं आणि तिची सुटलेली वेणी परत घालायला घेतली. हलक्या हाताने, नेहमीसारखी.

तेच जूनीला सोसवलं नाही.

"पत्र आलं होतं," ती म्हणाली. "मी लपवलं. तू जाऊ नयेस म्हणून." तिने दप्तरातून पाकीट काढलं.

डेलियाचा चेहरा पांढराफटक पडला. "दे इकडे!"

पण मामॉच्या न वळणाऱ्या बोटांनी पाकीट आधी पकडलं. "तुझा हिशेब घरी गेल्यावर," ती जूनीला म्हणाली, आणि चष्मा लावून मोठ्याने वाचू लागली.

"'प्रिय डेलिया, सहा एप्रिलच्या तुमच्या विनंतीवरून आम्ही तुमचा कर्जाचा अर्ज रद्द केला आहे. विचार बदलल्यास तीस एप्रिलपर्यंत कळवावे...'"

मामॉने चष्म्यावरून डेलियाकडे पाहिलं. डेलियाच्या हातात वेणीचं टोक तसंच राहिलं.

"एक्केचाळीस!" खिडकीतून हाक आली.

जूनीने वेणी सोडवून घेतली, मामॉच्या हातातलं पत्र घेतलं, आणि टाचा उंचावून टोकनसकट ते खिडकीत ठेवलं.

"यात चूक झालीय," ती म्हणाली. "माझी."