पक्का की सरकता

उमाजीने दोन्ही जोड बाकड्यावर ठेवले आणि हात पुसत विचारलं, “बोला, कंचा बसवू?”

एक पक्का. डोलकाठीला भोकं पाडून, रिव्हेट मारून बसवायचा. मग तो जन्मात हलायचा नाही. दुसरा सरकता. डोलकाठीवरच्या पट्टीत वरखाली होणारा, हव्या त्या उंचीवर खिळी घालून अडकवायचा. शिडाच्या तळाची आडवी काठी यांतल्याच एकावर झुलणार होती. कारवारहून आणलेली ती जुनी, लहानशी होडी जोयड्याच्या या वेल्डिंगच्या दुकानापुढे टायरांवर टेकवली होती. सात वर्षांची मयूरी आधीच आत जाऊन बसली होती, जणू खाली धरणाचं पाणीच आहे.

“सरकता,” तिचा बाप वासू म्हणाला. “पोर उंच होईल तशी काठी वर घ्यायची. दोन वर्षांत माझ्या खांद्याला लागंल ती.”

“पक्काच बसवा,” दीपाली म्हणाली. “वाऱ्यानं काठी फिरताना खिळी निसटली, तर नेमकी हिच्या डोक्यात.”

“ऐकलंस अण्णा? होडी अजून पाण्याला लागली न्हाई, तवर हिनं लेकीचं डोकं फोडून ठेवलं!”

“वैनीचं खरं हाय,” उमाजी म्हणाला. “खिळी माझ्या हातची, पर वारा कुठं माझ्या हातचा?”

वासू हसला. दीपालीला हसू आलं नाही. सोमवारी बेळगावच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, मयूरीच्या पायांतली शक्ती कमी होत जाणार; दोन-तीन वर्षांत चालणं थांबेल. परतीच्या बसमध्ये वासू म्हणाला, “पोर आळशी हाय, दुसरं काय न्हाई.” आणि चौथ्या दिवशी होडी घेऊन आला. दीपालीला तर हे पावसाळ्यापासूनच दिसत होतं: पायरी चढताना भिंत धरणं, सपाट अंगणात पडणं. डॉक्टरांनी सांगूनही आपण एकटीच हे खरं मानतोय, या भीतीनं तिला झोप नव्हती. एकदा, फक्त एकदा त्यानंही ते तोंडानं कबूल करावं.

“पक्का म्हणताय तर उंची आत्ताच ठरवाय पायजे,” उमाजी टेप ओढत म्हणाला. “एकदा भोक पडलं की झालं. मयूरीबाय, डोलकाठीला पाठ लावून उभी ऱ्हा बघू.”

मयूरीने दोन्ही तळवे होडीच्या तळाला टेकले. कंबर वर उचलली. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर, आणि आपल्याच मांड्यांवर हात रोवत ती हळूहळू वर चढत आली. उभी राहिली तेव्हा तिला धाप लागली होती.

“ऱ्हायले,” ती म्हणाली.

उमाजीच्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली. वासू बघत होता. नेहमीसारखी त्यानं मान फिरवली नाही.

“बस गं बाय. बस,” तो म्हणाला. तिला काखेत हात घालून त्यानंच खाली बसवलं, आणि उमाजीकडे न बघता म्हणाला, “बसल्या मापानं घाल अण्णा. पक्काच घाल.”

मयूरीच्या डोक्यावर वीतभर जागा सोडून उमाजीने डोलकाठीवर खडूची रेघ मारली. केवढी खाली होती ती रेघ! उभ्या मयूरीच्या जेमतेम छातीशी. तो ड्रिलची वायर सोडवायला लागला.

दीपाली पुढे झाली आणि तिनं रेघेवर हात ठेवला.

“थांबा अण्णा,” ती म्हणाली. “सरकताच घाला. वाढत्या अंगाची पोर हाय.”