ओनुकींचं विरजण

"गोचिड्या आहेत या," किनुए ओनुकी म्हणाली आणि तिने पडद्यावर बोट टेकवलं.

संशोधक नेमोतोबाईंनी ते बोट हळूच बाजूला केलं. विद्यापीठातलं ते अगडबंब सूक्ष्मदर्शक छताला टेकलं होतं, पण चित्र बघायचं ते शेजारच्या साध्या पडद्यावर. लांबट, काळपट एक जिवाणू, आणि त्याच्या अंगभर विषाणू उभे. डोकं वर, शेपूट खाली.

शेपूट टोचून ते आपलं बीज आत सोडतात, असं बाईंनी सांगितलं. जिवाणूच्या पोटात त्यांची पिल्लावळ वाढते आणि मग तो फुटतो. पुढच्या चित्रात तो फुटलेलाच होता, उसवलेल्या उशीसारखा.

"मग नात्तोला तार कुठून सुटणार?" किनुए म्हणाली.

त्यांच्याच गल्लीतल्या काशिमुराच्या नात्तो कारखान्यात या शरदात नेमकं हेच झालं होतं. नात्तो म्हणजे गवताच्या पुडीत आंबवलेलं सोयाबीन, चिकट, उचललं की तार सुटणारं; त्याच्या पुडीतून मात्र ते निघायचं उकडलेल्या वाटाण्यासारखं सुटं. किनुएने गल्लीभर सांगितलं, विकतच्या विरजणाला कूळ नसतं, ते असंच मरायचं. म्हातारा काशिमुरा समोरून जात होता. त्याने मान लववली आणि निघून गेला.

ओनुकींचं विरजण मात्र किनुएच्या सासूने स्वतःच्या शेतातल्या भाताच्या पेंढ्यावर धरलेलं. तसं दुसरं नाही, हे सिद्ध झालं तर टोकियोतलं एक मोठं दुकान त्यांचा नात्तो ठेवणार होतं. नाहीतर कारखान्याला कुलूप. गवतातला नात्तो आता खातो कोण?

म्हणून तर ही परीक्षा. विषाणू मोठे चोखंदळ, नेमोतोबाई म्हणाल्या होत्या, परक्या जातीवर सहसा बसत नाहीत. काशिमुराचे विषाणू ओनुकींच्या विरजणावर सोडायचे आणि बघायचं; बसले नाहीत, तर जात वेगळी.

सून सातोमी सकाळपासून म्हणत होती, आई, कशाला ते. किनुएने तिला सुनावलं, तुला कधी कशाची गरज वाटली आहे?

"हे शिरतात कुठून पण?" किनुएने विचारलं.

"बहुतेक वेळा शिळ्या नात्तोतून. जुना नात्तो परत आंबवायच्या खोलीत गेला, की झालं."

"काहीतरीच. यांच्या तसबिरीपुढचा आदल्या दिवशीचा नात्तोचा नैवेद्य मी रोज त्या खोलीत नेऊन ठेवते. त्यांनी उभारलेली खोली आहे ती. आमचं काय वाकडं झालं?"

सातोमी फरशीकडे बघत राहिली.

"बरं, हे काशिमुराचं झालं," किनुए म्हणाली. "आमचं दाखवा."

नेमोतोबाईंनी चष्मा काढला. "ओनुकीबाई, हे तुमचंच आहे."

त्यांनी दुसरं चित्र शेजारी लावलं.

"मलाही पटेना, म्हणून आणखी तपासलं. दोन्ही विरजणं एकच आहेत. एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली."

किनुएने काठी दोन्ही हातांनी धरली. मग ती ताठ उठली.

"चोर," ती म्हणाली.

गाडीत तिने सगळा हिशेब लावला. कंबरेचं हाड मोडून ती गेला हिवाळाभर हॉस्पिटलात होती, तेव्हाच हे झालं असणार. कारखाना एकट्या सातोमीच्या हाती. दार उघडं टाकून झोपली असेल. नशीब, आपलं विरजण तरी शाबूत राहिलं. हॉस्पिटलातून आल्यावर पहिला घास घेतला, तर तार नेहमीपेक्षा लांब निघाली होती. सासूबाईंची पुण्याई.

"माझीच चूक आहे, आई," स्टिअरिंग धरून सातोमी म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे."

काशिमुरा दुकानात एकटाच होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्याने चहा टाकायला घेतला. किनुए म्हणाली, चहा नको. विद्यापीठात काय दिसलं ते तिने उभ्याउभ्या सांगितलं, शेजारच्या तांदूळवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"लाज कशी वाटली नाही? दुसऱ्याच्या विरजणावर घर चालवायचं आणि वर त्यालाच मान लववायची?"

सातोमीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती पुढे झाली.

"आई, ऐका. मी त्या हिवाळ्यात—"

"तू गप्प बस. तुझी झोप नडली."

सातोमी गुडघ्यावर बसू लागली. पण म्हातारा तिच्या आधी खाली बसला. इतका वाकला की कपाळ फरशीला लागलं.

"मीच नेलं, वहिनी," तो म्हणाला. "सूनबाईंचा काही दोष नाही. त्यांना कळलंही नसेल."

किनुए थोडी गोंधळली. इतक्या सहज कबूल होईल असं तिला वाटलं नव्हतं. आणलेले शब्द उरले.

"मग दुकानाचा पडदा उतरवा," शेवटी ती म्हणाली. "आमचं विरजण एकाच घरात राहील."

दारावर त्याच्या आज्याचा, दुकानाचं नाव लिहिलेला निळा पडदा होता, कडा विरलेल्या; तो उतरला की दुकान कायमचं बंद. त्याने स्टूल आणलं. हात पोचेना. सातोमीने स्टूल धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. किनुएला त्याचा रागच आला, आपल्या घराची इभ्रत परत मिळते आहे आणि ही रडते.

त्याने पडद्याची नीट घडी घातली.

"माझ्यामागे तसंही कोण आहे?" तो म्हणाला.

किनुए ताठ मानेने गाडीपाशी गेली. तांदूळवाल्याने तिला वाकून नमस्कार केला, तिने तो घेतला. सातोमी मागे राहिली होती. तिला हाक मारायला किनुए परतली आणि उघड्या दाराशी थबकली.

आत सातोमी जमिनीवर डोकं टेकून बसली होती. काशिमुरा तिच्या हातात विरजणाची एक छोटी बाटली देत होता.

"ही जपून ठेव, पोरी, रोग लागायच्या आधीची आहे. आणि तुमचं विरजण पुन्हा मेलं, तर गेल्या हिवाळ्यासारखी मागच्या दाराने रडत येऊ नकोस. पुढून ये."