बरणीतला कवड्या

मांजराच्या तावडीतून सोडवलेला साप आईने परसातून आणून काचेच्या बरणीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली आणि लेकीला फोटो पाठवला. “मण्यार तर नाही ना गं?”

दोन महिने जिचा फोन नव्हता, त्या लेकीचा पाच मिनिटांत आला. “पट्टे मानेपासूनच आहेत. कवड्या आहे, बिनविषारी. जखम भरेपर्यंत ठेव.”

मग ती सकाळ-संध्याकाळ सापाची चौकशी करू लागली. आठवड्याने म्हणाली, “बरा झालाय आता, सोड त्याला.”

“अजून चार दिवस राहू दे की. मला मेलीला त्यातलं काय कळतंय?”



“आई, मण्यार कुठली नि कवड्या कुठला, हे मला तूच शिकवलंस ना? सोड त्याला. फोन मी तसाही करेन.”