सुताचं नाव काढायचं नाही

“हे कशात मोजाल?” प्राचार्य मॅडमनी टेबलावर शर्टाचं बटण ठेवलं.

मिस्त्रींनी बटणाकडे पाहिलं. साडेतीन सूत! उत्तर जिभेवर येऊन बसलंसुद्धा. त्यांनी ते आवंढ्याबरोबर गिळलं आणि म्हणाले, “मिलिमीटरमध्ये. अकरा असतील.”

मॅडमनी पट्टी लावली. अकराच भरलं.

उभी हयात मिस्त्रींनी लाकूड इंचात आणि सुतात मोजलं होतं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. त्याहून बारीक काही मोजायचं असतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. पण गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी शिडी बंद केली, ओझं बंद केलं. त्यात या प्रशिक्षण केंद्रात सुतारकाम शिकवायची जागा निघाली. ती मिळाली तर ठीक, नाहीतर घरी बसून बायकोची बोलणी खायची.

बायको शिवणकाम करणारी, गळ्यात टेप घालूनच घरभर वावरायची. आठ दिवस तिनं नवऱ्याकडून घोकून घेतलं. चमचा झाला, साबणाची वडी झाली, शेवटी मोजायला काही उरलं नाही तेव्हा तिनं स्वतःचं नाक पुढे केलं. “नखावर मावेल ते मिलिमीटर, मुठीत मावेल ते सेंटिमीटर, दोघांनी धरावं लागेल ते मीटर. आणि हे बघा, तिथे सुताचं नाव काढायचं नाही. विचारलं तरी नाही! अडाणी समजून घरी पाठवतील.”

बटणानंतर मॅडमच्या टेबलावर किल्ली आली. “सेंटिमीटर.” काडेपेटी आली. “सेंटिमीटर.” टाचणीचं डोकं. “मिलिमीटर. दोन.” मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आणि सूत? सूत वापरता का कधी?”

गडी तयारीनिशी आला होता.

“छे छे! ते काय असतं हो?”

बोलताना त्यांना फार लाज वाटली. चाळीस वर्षं ज्याच्या जिवावर भाकरी खाल्ली, त्याला भर दुपारी ओळखसुद्धा दाखवली नाही. पण नोकरी हवी होती.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी अर्जावर सरळ काट मारली. “बरं. या तुम्ही.”

मिस्त्रींना काही कळेना. एक उत्तर चुकलं नव्हतं! आता घरी काय तोंड दाखवायचं? ते कसेबसे उठले आणि त्यांनी दार ओढलं. दार फरशीवर घासत, करकरत अर्ध्यावर येऊन अडकलं. मग मात्र त्यांना राहवेना. गुडघे कुरकुरत असतानाही ते वाकले आणि दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

“काय हे! खालून दोन सूत काढलं, तर एका बोटानं फिरेल की!”

बोलून गेले आणि जीभ चावली. मागे खुर्ची सरकली.

“काय म्हणालात? किती?”

“सहा मिलिमीटर, मॅडम,” मिस्त्री रडकुंडीला येऊन म्हणाले. “सहाच म्हणालो मी!”

“मिस्त्री, इकडे या आणि बसा बघू.” मॅडमनी काट मारलेला अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. “मिलिमीटर आमच्या पोरांना झोपेतही येतो. काल कामावरच्या कारागिरानं ‘दोन सूत काढ’ म्हणून सांगितलं, तर आमचं पोरगं दोऱ्याचं रीळ घेऊन हजर!”