चौथं कलम

चर्चा चौथ्या कलमावर अडली आणि नेमकं तेव्हाच बाळानं भोकाड पसरलं.

उपसचिव बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांभाळायला येणारी मावशी ऐन वेळी आली नव्हती, नवरा परगावी, सासूबाई तापानं फणफणलेल्या. लेकीला बैठकीला आणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. एवढा वेळ ती कोपऱ्यातल्या टोपलीत गुमान झोपली होती.

वर्षभरात सरकारनं परदेशांशी वारसा-संस्कृतीचे चार करार उरकले होते. हा पाचवा, शेजारच्या देशाशी, आणि घोडं अडलं होतं ते एका अंगाईपाशी. सीमेच्या अलीकडेही आया तीच गायच्या, पलीकडेही तीच. चाल एक, शब्द जरा इकडचे तिकडे. पण ती मुळात कुणाची, यावरून अशी जुंपली होती की दोन्हीकडच्या रेडिओनं ती लावायचंच सोडून दिलं होतं. चौथं कलम म्हणायचं, अंगाई दोघांची. पाहुण्या मंडळाचे प्रमुख म्हणायचे, आमची. त्यांच्या सरकारनं तसं बजावूनच पाठवलं होतं. बाईंच्या कार्यालयात त्यांना 'कुलूपसाहेब' असं नाव पडलं होतं. संध्याकाळच्या विमानात ते बसले की करार बासनात गेलाच म्हणून समजा, आणि बाईंनी तर या करारासाठी जिवाचं रान केलं होतं.

बाईंनी लेकीला उचललं, थोपटलं, तीच अंगाई हळू आवाजात म्हटली. कार्टीनं वरचा सूर लावला.

"आणा इकडे," कुलूपसाहेब म्हणाले. सकाळपासून दुभाष्याच्या आडून बोलणारा हा गृहस्थ चक्क इकडच्या भाषेत बोलला होता.

त्यांनी बाळाला खांद्यावर घेतलं, वरून स्वतःची शाल पांघरली आणि गुणगुणायला लागले. तीच अंगाई, त्यांच्याकडच्या शब्दांत. दोन कडवी होतात न होतात तोच बाळ चिडीचूप. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि थोडा रागही आला. पोटच्या पोरीनं असं फितूर व्हावं?

आता तिला खांद्यावरून काढायची कुणाची टाप नव्हती. शेवटचं वाचन तसंच सुरू झालं, कुजबुजत. नियम साधा होता. बाईंनी कलम वाचायचं. मान्य नसेल तर त्या देशाच्या मंडळाच्या प्रमुखानं, आणि फक्त प्रमुखानंच, माइकवर मोठ्यानं हरकत घ्यायची. अध्यक्षांची घंटी वाजेपर्यंत कुणी बोललं नाही, तर कलम मंजूर. घंटी वाजवायची मात्र अध्यक्षांची छाती होईना. ते नुसतं बोट वर करत होते.

पहिली तीन कलमं सुरळीत गेली. बाईंनी चौथं वाचून संपवलं. पाहुण्यांच्या वकिलानं लगबगीनं माइक कुलूपसाहेबांच्या तोंडाशी सरकवला. साहेबांनी माइककडे पाहिलं. मग खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. वकिलानं डोळे मोठे केले, हातवारे केले, कागदावर ठळक अक्षरांत 'हरकत' लिहून नाचवलं. साहेब आपले मान हलवत थोपटत राहिले.

अध्यक्षांचं बोट वर गेलं. चौथं कलम मंजूर झालं.

उजवा हात बाळाखाली अडकलेला, म्हणून कुलूपसाहेबांनी डाव्या हातानं सही ठोकली. सगळं दालन उठून उभं राहिलं आणि आवाज न करता टाळ्या वाजवायला लागलं. इतका आनंद आणि इतकी शांतता त्या दालनानं कधी पाहिली नसेल. बाई एकाच वेळी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मंडळी पांगल्यावर त्या लेकीला घ्यायला गेल्या. त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं.

"माफ करा साहेब. हिच्यामुळे तुम्हाला हरकत घेता आली नाही."

कुलूपसाहेबांनी दाराकडे पाहिलं. वकील बाहेर गेलाय याची खात्री करून त्यांनी शालीचं टोक उचललं. आत पोरगी टक्क जागी होती, आणि त्यांच्या कोटाचं बटण चोखत खुदुखुदु हसत होती.

"दुसऱ्या कलमालाच उठली ही," ते म्हणाले. "पण बाई, मला गप्प बसायला इतकं चांगलं निमित्त पुन्हा कुणी दिलं असतं?"