शिशाची पलटण

शिशाचा सैनिक विकत घेण्याआधी त्याच्या तळव्यावर नखाने ओरखडा काढायचा, ही त्या गिऱ्हाइकाची जुनी खोड. रंगाखालचा धातू अस्सल आहे की नाही, ते लगेच कळतं.

"ओरबाडू नका," दुकानदार खेकसला.

"पारखल्याशिवाय मी घेत नाही," असं म्हणत त्याने ओरखडा काढलाच.

मग त्याने भिंगातून रंगवलेले डोळे तपासले. सैनिकाने समोर बघायला हवं. हा खाली, गिऱ्हाइकाच्या बुटांकडे बघत होता. त्याने दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळ्या पलटणीची नजर तिथेच.

भिंग टाकून तो निघणार, तोच त्याच्या बुटाच्या आत, तळव्यावरून, एक बारीक नख सावकाश फिरलं.

"आता हलू नका," दुकानदार म्हणाला. "तेही पारखल्याशिवाय घेत नाहीत."