पालखी दारात आली की

पालखी खालच्या आळीतून वर यायला लागली, तसा गंगाधर सरांचा जीव वरखाली होऊ लागला. मुरारीच्या अंगणात ते बायकोला, चारुशीलाबाईंना, घेऊन सकाळपासून बसून होते. आज घराचा होकार मिळायचा होता. तो मिळणार नाही, अशी सरांची जवळजवळ खात्री झाली होती.

सर महाडच्या शाळेतून निवृत्त झालेले. सावित्री नदीचं पाणी त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत इतक्यांदा शिरलं होतं, की पावसाळ्यात चारुशीलाबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नसे. शिवथरच्या वाटेवरच्या या वाडीत मुरारीचं घर विकायचं आहे असं कळलं, आणि उंचावरचं ते घर, मागचा फणस, दारातली विहीर पाहून सर हरखले. त्यांना ते घर फार हवं होतं. भाव ठरला. पण मुरारी काही होय म्हणेना. दरवेळी एकच उत्तर. "आमच्याकडं घर दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर शिमग्याला देवासमोर बोलून देतात. तिथं बोललेला शब्द मग फिरत न्हाई. पालखी दारात येऊ दे, गुरुजी. कागद मागनं."

सर जन्माचे संशयी. भाजीवालीचं वजन उलटं करून पाहिल्याशिवाय पिशवी न उघडणारे. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात आणि खिसे भरून येतात, हे त्यांनी लगेच ताडलं. देवाचं नाव पुढे करून हा लिलाव मांडणार.

"त्यांनी नाही कुठे म्हटलंय?" चारुशीलाबाई म्हणाल्या.

"हो तरी कुठे म्हटलंय?"

आणि आता तर पुरावाच डोळ्यांसमोर हिंडत होता. काळा चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट. सकाळच्या गाडीने आलेला हा माणूस कोण, हे सरांनी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. त्याने घराभोवती चक्कर मारली, खांबांवर थाप मारून पाहिली, माळ्यावर चढून कौलं पाहिली. मग मुरारी त्याला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेला. दोघं कुजबुजत होते आणि मधूनच सरांकडे बघत होते. मुरारीची बायको येसूबाई त्याला चहा देताना पदराने डोळे पुसत होती. सरांनाही तिने चहा दिला होता, पण तेव्हा कोणी डोळे पुसले नव्हते.

ढोल अंगणात शिरले. पालखी पाटावर टेकली. येसूबाईने देवीची ओटी भरली. गुरवाने नारळ हातात घेतला, तसे ढोल थांबले.

"बोल मुरारी, घर कोनाच्या हाती द्यायचं?"

मुरारीने चष्मेवाल्याचा हात धरला आणि त्याला पालखीपुढे आणलं.

सरांना तेवढं पुरे झालं. "इतके दिवस झुलवलंत मला," ते ताडकन उठून म्हणाले. "नको मला तुमचं घर. द्या यालाच."

चारुशीलाबाईंनी त्यांचा सदरा ओढला, पण बोलून झालं होतं. गुरवाने नारळ खाली ठेवला.

मुरारीचा चेहरा उतरला. "गुरुजी, ह्यो माझा धाकटा भाव, सयाजी. घर दोघांचं हाय. दोघांनी मिळून तुमचं नाव घ्यायचं, म्हनून त्याला रजा काढून बोलावला."

लाजेने सरांना वर बघवेना. बायकोकडे तर नाहीच.

"मग घ्या की नाव," ते कसेबसे म्हणाले. "चुकलं माझं."

मुरारीने पालखीकडे पाहिलं, मग सरांकडे.

"आता कसं घेऊ, गुरुजी? देवानं विचारलं, आनि तुमी नको म्हनलात."